तांड्याच्या विहिरीतली पुरचुंडी

"ओढ ना जगन्या! अंगात ताकद हाय का न्हाई?"

"बादली न्हाई लागून राहिली! दुसरंच कायतरी हाय!"

जगन विहिरीच्या काठावर पालथा पडला होता आणि दोरीला बांधलेला लोखंडी गळ पाण्यात फिरवत होता. सकाळी त्याच्याच हातून बादली सुटून विहिरीत गेली होती. ती परत आल्याशिवाय जेवण नाही, असं याडीनं, म्हणजे त्याच्या आईनं, बजावलं होतं. त्याची मोठी बहीण निलम त्याचे दोन्ही पाय घट्ट धरून त्याच्यावर ओरडत होती. दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि तो असा विहिरीवर चालला होता!

खालच्या सावळदरी गावातून निलमचे दोन वर्गमित्र मदतीला आले होते. मदत म्हणजे सल्ला! देवळातल्या पुजाऱ्यांची जाई कठड्याला टेकून सूचना देत होती. धम्मानंदच्या वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. तो आपल्या सायकलची साखळी पुसत होता आणि मधूनच हसत होता.

गळ वर आला. त्याला अडकली होती मुठीएवढी काळी पुरचुंडी. जाळीदार कापडात शिवलेली, वरून पातळ दोरा आणि आत काहीतरी खडबडीत.

"टाक ती! आधी हातातून टाक!" पाणी शेंदायला आलेली एक बाई ओरडली. "भानामती हाय ती!"

बघता बघता सगळा तांडा विहिरीवर जमला. लोकांचं घाबरणं खोटं नव्हतं. पोळ्यापासून तांड्यात कावीळ शिरली होती. घराघरांत माणसं पिवळी पडली होती. दोन बाया हिंगोलीच्या दवाखान्यात होत्या. निलमच्या काकीचे तर दिवस भरत आले होते. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून निलम काकीच्या डोळ्यांत रोज सकाळी निरखून बघायची. पांढरे आहेत ना अजून?

"आता समजलं कावीळ काहून हटत न्हाई ते!" मागून कुणीतरी म्हणालं. "कुणी केलं, ते बी समद्यांना ठाऊक हाय."

आणि सगळ्यांच्या माना भिकाबाईकडे वळल्या.

भिकाबाई तांड्याच्या टोकाला एकटी राहायची. खोकल्यावर, पोटदुखीवर झाडपाला द्यायची. काच आणि कवड्या लावून घागऱ्यावर टाके कसे घालायचे, ते निलमला तिनंच शिकवलं होतं. ती विहिरीवरून मागे फिरली. रिकामी घागर डोक्यावर ठेवून मुकाट घरी निघून गेली. तिच्यासाठी बाजूला सरकून वाट देताना बायांनी आपापली लेकरं पदराआड घेतली. 

तांड्याचे नायक वसराम यांनी काठी आपटली. "परवा सांजेला बैठक! तवर कुणी कुणाचं नाव घेयाचं न्हाई!" पुरचुंडी त्यांनी लिंबाच्या फांदीला टांगून ठेवली. हात लावायची हिंमत कुणालाच होईना.

गर्दी पांगली. चौघं मात्र लिंबाखालीच उभी होती.

"निले, चल ना घरी," जगन कुजबुजला. "माझ्या पोटात कसंतरी होऊन राहिलं."

"ते भुकेनं होतंय," जाई म्हणाली.

निलम पुरचुंडीकडे टक लावून बघत होती. टाके म्हटलं की तिची नजर तिथंच खिळायची. "जाई, हे टाके बघ. हातचे न्हाईत. शिलाई मशीनचे हायत! अन् भिकाआजीकडं मशीन कुठं? तिला तर सुईत दोरा बी मीच ओवून देते."

धम्मानंदनं पुरचुंडीला नाक लावलं. "कोळसा! अन् दोरा मासे धरायचा हाय, नायलॉनचा."

"अन् हे काय?" जाईनं उडी मारून दोऱ्याला बांधलेली प्लॅस्टिकची चकती पकडली. तिच्यावर शाईनं लिहिलं होतं, 'वि-४'. "भानामतीला नंबर कशाला लागतो रे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चार नंबर असेल, तर एक, दोन, तीनही असणार!

दुपारभर ती उन्हात हिंडली. गावच्या विहिरीत डोकावली, ओढ्याच्या काठानं चालली. ऊन उतरायच्या सुमारास ओढ्याकाठच्या झऱ्यात, दगडाच्या कपारीत, त्यांना दुसरी पुरचुंडी दिसली. निलमनं तिला हात लावू दिला नाही. "ज्यानं ठेवली तो बघायला येईलच. आपण उद्या इथंच दबा धरू!"

*

दुसऱ्या दिवशी चौघं झऱ्याशेजारच्या तुरीत लपली. तूर डोक्याच्याही वर वाढली होती. पिवळी फुलं अंगावर गळत होती. जगनच्या खिशातले फुटाणे संपले आणि त्याची चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला.

डोक्याला टोपी आणि पाठीला पिशवी अशी एक तरुण बाई खाली उतरली. इकडेतिकडे न बघता ती सरळ झऱ्याकडे आली, वाकली आणि पुरचुंडी बाहेर काढू लागली.

ठरलं होतं की गुपचूप पाठलाग करायचा. पण जगनला राहवलं तर ना! "धरा भुताला!" असं ओरडत तो तुरीतून उडाला. ती बाई दचकली, तिचा पाय घसरला, आणि धपकन ती चिखलात बसली!

"भूत न्हाई रे बाबा! माणूस हाय मी!" चिखलानं भरलेला चेहरा वर करत ती म्हणाली.

"मग काहून घालून राहिलात भानामती?" निलमनं कमरेवर हात ठेवून विचारलं. 

"भानामती?" ती हसायला लागली. मग मुलांचे चेहरे बघून थांबली. "अगं, हा नारळाच्या करवंटीचा कोळसा आहे. मी सरोजिनी. सेनगावची. नांदेडला विद्यापीठात भूशास्त्राचं संशोधन करते."

"भूत-शास्त्र?" जगनचे डोळे मोठे झाले.

"भू! भू म्हणजे जमीन!" जाईनं त्याच्या डोक्यात टपली मारली.

सरोजिनीताईनं चिखलातच बसून त्यांना सगळं समजावलं. आपल्या पायाखालचा काळा खडक वरून घट्ट दिसतो, पण आत त्याला भेगा असतात. त्या भेगांमधून पाणी कुठून कुठं जातं, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एका ठिकाणी पाण्यात रंग सोडायचा. डोळे तपासताना डॉक्टर वापरतात, तसला निरुपद्रवी रंग. आणि विहिरी-झऱ्यांत कोळशाच्या पुरचुंड्या टांगायच्या. रंगाचा एक कण जरी तिथं पोचला, तरी कोळसा त्याला धरून ठेवतो.

"मग आमाला कुणी सांगितलं काहून न्हाई?" निलमनं विचारलं.

"ग्रामपंचायतीत सांगून परवानगी घेतली होती. म्हटलं, ते तांड्यावर कळवतील."

"ग्रामपंचायतीतून तांड्यावर फक्त निवडणुकीचीच बातमी येते," निलम म्हणाली. मग तिनं भिकाबाईबद्दल सांगितलं.

सरोजिनीताईचा चेहरा पडला. "माझ्यामुळे एका बाईवर आळ आला? चूक माझीच आहे. मी आधी तांड्यावर यायला हवं होतं." ती ताडकन उठली. "चला. आत्ताच्या आत्ता मला नायकांकडे न्या!"

वसराम नायकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुरचुंडीतला कोळसा हातावर घेऊन पाहिला. पण त्यांच्या अंगणात जमलेले लोक काही गप्प बसेनात.

"बरं, पुरचुंडी तुमची. मग कावीळ कोणाची?"

"तुमच्या विहिरीत मैला मिसळतोय," सरोजिनीताई म्हणाली. "प्रयोगशाळेत पाणी तपासलं, त्याचा अहवाल कालच आलाय. ही कावीळ त्याच घाणीतून येते."

एकच गलका झाला. काचेसारखं स्वच्छ पाणी, आणि त्यात मैला? तांडा उंचावर, गाव खाली! घाण काय चढण चढून येते?

"तेच मलाही उमगत नाही," ताईनं कबूल केलं. "गावच्या नाल्यात रंग सोडून पाहिला. आधीच्या पुरचुंड्यांत तो सापडला नाही. घाण दुसरीकडूनच येते. कुठून, ते शोधायला हवं."

"म्हंजे तुमाला बी ठाऊक न्हाई!" मागचा तोच आवाज पुन्हा कुत्सितपणे म्हणाला. "मग आमचाच संशय बराबर हाय."

 आता नुसतं बोलून भागणार नव्हतं.

*

"तांडा उंचावर हाय, बराबर," धम्मानंद म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं त्याच्या वडिलांच्या दुकानासमोर बसली होती. "पण तांड्याच्या बी वर काय हाय?"

"माळ," निलम म्हणाली. "तिथं कोण राहतं? सीताफळीची झुडपं अन् दगडाची जुनी खदान."

"मग आमच्या गावच्या रंगराव काकांचा टँकर तिकडं काहून जातो?"

तिघांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"काल तर मी त्याचं चाक बघितलं," धम्मानंद सांगू लागला. "वर जाताना टायर पार दबलेले असतात. भरलेला! अन् येताना उड्या मारत, खडखड करत येतो. रिकामा! माळावर पाणी कोण पितं? सरडे?"

जाई उभीच राहिली. "चला सीताफळं आणायला!"

दुपारच्या वेळी सगळे मोठे कापूस वेचायला गेलेले असत. माळावर चिटपाखरू नव्हतं. चौघं टोपल्या घेऊन खदानीच्या कडेच्या झुडपांत शिरली. सीताफळं खरोखरच डोळे उघडून पिकली होती. जगननं तपास सोडून सरळ खायला सुरुवात केली.

घरघर ऐकू आली. ट्रॅक्टरला जोडलेला टँकर खदानीत उतरला आणि मागे मागे सरकत एका आंधळ्या विहिरीशी थांबला. पाणी न लागल्यामुळे कुणीतरी कधीकाळी ती अर्धवट सोडून दिली होती. रंगरावनं जाड पाइप आत सोडला आणि तोटी फिरवली.

असा भपकारा आला की जाईनं ओढणीनं नाक दाबलं. शहरातल्या मंगल कार्यालयांच्या, लॉजच्या संडासाच्या टाक्या उपसून रंगराव तो मैला इथं आणून ओतत होता!

"ऑऽक!" जगनच्या पोटातली सीताफळं परत निघाली.

"कोण हाय रे तिकडं?" रंगराव ओरडला.

पळून जाणं शक्य नव्हतं. निलम टोपली घेऊन सरळ पुढे झाली. "आमीच हाव काका. सीताफळं तोडून राहिलो. खाता का एखादं?"

रंगरावनं कपाळाचा घाम पुसला. माणूस काही दुष्ट नव्हता. लेकरं बघून जरा ओशाळलाच. "घरी जा बरं. इथं वास येतो."

"हे सगळं कुठं जातं हो काका?"

"कुठं जाणार? जमीन पिते की सगळं!" तो हसला. "वरीसभर ओतून राहिलो, तरी खड्डा भरला न्हाई. भारी तहान हाय या जमिनीला!"

निलमनं खड्ड्याकडे पाहिलं. खड्डा भरत नाही, म्हणजे तो कुठंतरी रिकामा होतोय!

*

संध्याकाळच्या बैठकीला नायकांनी रंगरावलाही बोलावून घेतलं. मुलांनी सगळं सांगितलं. रंगराव आधी चपापला आणि मग उसळला.

"माळ कुठं, तांडा कुठं! मधी आख्खी टेकडी हाय! चार पोरं सीताफळं खाऊन कायबी बरळतात अन् तुमी ऐकून घेता?" त्यानं मांडीवर थाप मारली. "माझ्या खड्ड्यातला एक थेंब जरी तुमच्या विहिरीत आला, तर समद्यांसमोर ते पाणी मी पिऊन दाखवीन!"

लोक हसले. कुणी कुणी मानाही डोलावल्या. निलमला मोठ्यांच्या बैठकीत बोलायची सवय नव्हती. जाईनं तिला मागून ढोसलं.

"मग काका," निलम उभी राहिली, "ताईचा तो रंग तुमीच तुमच्या हातानं खड्ड्यात टाका! म्हंजे आमी कायतरी लबाडी केली असं कुणी म्हणायचं न्हाई. अन् विहिरीवर तुमचा एक माणूस अन् आमचा एक माणूस राखण करील."

"टाकतो की! मला काय भेव हाय?"

सरोजिनीताईनं नायकांकडे, नायकांनी निलमकडे पाहिलं. वसराम नायकांच्या मिशा हलल्या. ते बहुधा हसले असावेत.

दुसऱ्या दिवशी सगळे खदानीवर गेले. रंगाची पूड शेंदरासारखी लालभडक होती. रंगरावनं हातमोजे घालून ती खड्ड्याच्या अंधारात रिकामी केली. टँकर घासूनपुसून धुवून घेतला होता. त्यातून आणलेलं स्वच्छ पाणी त्यानं वरून सोडलं. "आता बघू, तुमच्या विहिरीत लाल पाणी कसं येतं ते!"

पुडीचा डबा उचलताना निलमच्या ओल्या तळहाताला चिमूटभर पूड लागली. ती बघतच राहिली. तळहातावरचा लाल कण पाण्यात विरघळून चक्क हिरवा होत होता. पोपटाच्या पंखासारखा हिरवा! तिनं मान वर केली. सरोजिनीताई ओठांवर बोट ठेवून हसत होती. निलमनं मूठ गच्च मिटून घेतली.

विहिरीवर पहारा बसला. रंगरावचा भाचा एका बाजूला आणि तांड्याकडून दुसऱ्या बाजूला भिकाबाई! "माझ्यावर आळ हाय, तर राखण बी मीच करीन," ती म्हणाली आणि घोंगडं अंथरून बसली. नायकांनी सगळ्यांनाच विहिरीचं पाणी प्यायला मनाई केली. गावच्या नळाचं पाणी बैलगाडीतून आणून, उकळून प्यायचं ठरलं.

एक दिवस गेला. दुसरा गेला. विहीर होती तशीच होती. तिसऱ्या दिवशी लोक कुरकुरायला लागले. बैलगाडीचं पाणी पुरत नव्हतं. त्या दुपारी काकीच्या पोटात दुखायला लागलं आणि तिला जीपमधून हिंगोलीला नेलं. जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. निलम सरोजिनीताईच्या शेजारी जाऊन बसली.

"ताई, रंग आलाच न्हाई तर?"

"तर माझा अंदाज चुकला असं समजायचं आणि पुन्हा शोधायचं," ताई म्हणाली. तिचाही आवाज थकलेला होता. "संशोधन असंच असतं गं. जमीन आपल्या घाईनं चालत नाही."

पुढची सकाळ उजाडली. ऊन विहिरीच्या पाण्यावर उतरलं, आणि भिकाबाईची हाक आली, "निलम! ये निलम! इकडं ये बरं!"

निलम धावत गेली. खाली वाकली. पाण्याच्या एका कडेला, खडकाच्या भेगेतून, हिरवी रेघ सुटली होती. ती हळूहळू पसरत होती. आणि उन्हात चमकत होती!

तासाभरात सगळा तांडा आणि निम्मं गाव विहिरीवर लोटलं. रंगराव गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्यानं खाली पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

"लाल कुठाय? हे तर हिरवं हाय! शेवाळ असंल!"

सरोजिनीताईनं काचेचा पेला काढला. रंगरावच्याच घरून आणलेलं पाणी त्यात ओतलं. उरलेल्या लाल पुडीची चिमूट निलमच्या हातावर ठेवली. निलमनं ती पेल्यात सोडली आणि पेला उन्हात उंच धरला.

पाणी हिरवंगार झालं. अगदी विहिरीसारखं!

 रंगरावचा चेहरा पांढराफटक पडला. भेगेतून येणाऱ्या त्या रेघेकडे तो बघत राहिला. वर्षभर आपण काय पाजत होतो या लोकांना, ते त्याला आत्ता उमगलं होतं. मग त्यानं खाली मान घालून बादली उचलली.

"मी शब्द दिला होता," तो पुटपुटला आणि बादली विहिरीत सोडू लागला.

निलमनं झटकन दोरी धरली. "नका पिऊ काका! तुमाला बी कावीळ होईल!"

रंगराव मटकन कठड्यावर बसला. "मला वाटलं, जमीन सगळं पिते..."

"पिते काका," निलम हळूच म्हणाली. "पण पचवत न्हाई."

*

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. तहसीलदारांची गाडी आली आणि खदानीतला खड्डा बंद झाला. मैला शहराच्या शुद्धीकरण केंद्रातच नेण्याचा हुकूम निघाला. रंगरावला दंड झाला. तो त्यानं निमूट भरलाच, शिवाय विहिरीचं पाणी निर्मळ होईपर्यंत नवा कोरा टँकर आणून पिण्याचं पाणी फुकट पुरवायचं स्वतःहून कबूल केलं. विद्यापीठानं दर आठवड्याला विहीर तपासायची जबाबदारी घेतली. दवाखान्यातल्या दोन्ही बाया बऱ्या होऊन परतल्या. काकीही परतली, कुशीत गुटगुटीत मुलगी घेऊन.

ज्या बायांनी लेकरं पदराआड घेतली होती, त्या भिकाबाईच्या दारी गेल्या. त्या काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. पण बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, तेव्हा सगळ्यांचेच डोळे ओले होते.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नायकांनी मोठी बैठक बोलावली. सरोजिनीताईचे विद्यापीठातले सर आले होते, आरोग्य खात्याचे डॉक्टर आले होते. आजूबाजूच्या तांड्यांचे नायकही आले होते, कारण कावीळ काही एकाच तांड्याची नव्हती.

"आमचं यंत्र पाण्यातले जंतू दाखवतं," सर म्हणाले. "पण टँकरची चाकं कोणत्या बाजूला जाताना दबलेली असतात, ते या मुलांनी पाहिलं. शाबास!"

धम्मानंदचे वडील मागच्या रांगेत ताठ झाले. जाईच्या बाबांनी उपरण्यानं चष्मा पुसला. जगननं उभं राहून हात जोडले. "भुताला पैल्यांदा मीच धरलं होतं!" सगळी बैठक खो खो हसली. सरोजिनीताई तर सगळ्यांत जास्त.

वसराम नायक उठले. पाहुण्यांसाठी टाकलेल्या बाजेवर त्यांनी चौघांना बसवलं.

"आजवर या बैठकीत लेकरांनी ऐकायचं, अन् मोठ्यांनी बोलायचं, अशी रीत होती," ते म्हणाले. "या डावाला मोठ्यांची अक्कल कमी पडली. आज आमी ऐकतो. बोल निलम. जमिनीच्या पोटात पाणी कसं चालतं, ते या समद्या नायकांना सांग."

निलम उभी राहिली. समोर पागोट्यांची रांगच्या रांग होती. तिनं एकदा सरोजिनीताईकडे, एकदा भिकाबाईकडे पाहिलं आणि आपल्या तांड्याच्या गोरमाटी बोलीत सांगायला सुरुवात केली. पागोटी पुढे झुकली. सगळे कान देऊन ऐकू लागले.